जन आरोग्य योजनेतले बदल: पाच लाख, २,३९९ उपचार, सत्तरीपुढचं कार्ड, काउंटरवर यातलं नेमकं काय चालतं?

तालुका_चावडी (प्रश्न)

गावात रेशन आणि आधारची कामं करून देतो, त्यामुळे दवाखान्याच्या योजनेचे प्रश्नही फिरून माझ्याकडेच येतात. पेपरातल्या बातम्या एक सांगतात, दवाखान्याच्या काउंटरवर दुसरंच ऐकू येतं. सध्या अडलेलं उदाहरण असं: केशरी रेशन कार्ड. आजोबा ७४, आजी ६९, मुलगा, सून, दोन नातवंडं. सगळ्यांची आयुष्मान (केंद्राची मोफत उपचारांची योजना) कार्डं निघालेली आहेत. आता आजोबांच्या हृदयात ब्लॉकेज सापडलंय. तर

आजोबांचं सत्तरीपुढचं वेगळं कार्ड काढायचं का? काढलं तर पाच लाख की दहा लाख? आजींना त्यात धरता येतं का?

दवाखाना म्हणतो, "योजनेत बसतं, पण चांगला स्टेंट हवा असेल तर वरचे ४० हजार भरा." (स्टेंट म्हणजे रक्तवाहिनीत बसवतात ती जाळी.) असं वरचं घेता येतं का?

शेजारच्यांचं पांढरं कार्ड आहे. त्यांना दोन ठिकाणी "पांढऱ्याला चालत नाही" म्हणून परत पाठवलं. २०२३ पासून सगळ्यांना लागू झाली ना योजना?

आणि शेवटचं. उपचारांची संख्या २,३९९ झाली म्हणतात, पण दवाखाना सांगतो, "हे पॅकेज आमच्याकडे नाही." काही जण स्पष्टच बोलतात की सरकारकडून पैसे येत नाहीत म्हणून आम्ही योजनेचे पेशंट घेत नाही. यात पेशंटच्या हातात काय उरतं? शासन निर्णयाचा फोटो टाकू नका, तो आहे माझ्याकडे. प्रत्यक्षात कसं चालतं ते सांगा.

मित्र_काउंटर_क्र_२

कार्डांचं आधी सांगतो, कारण निम्मे पेशंट तिथेच अडकतात.

आजोबांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. केंद्राने ही सोय २९ ऑक्टोबर २०२४ पासून सुरू केली. उत्पन्नाची अट नाही, रेशन कार्डाचा रंग बघत नाहीत. आधारवर वय ७० पूर्ण दिसलं की झालं. कुटुंब आधीच आयुष्मानच्या यादीत असेल तर आजोबांना ५ लाखांचं वेगळं जादा संरक्षण मिळतं आणि ते सत्तरीखालच्या कोणाबरोबर वाटून घ्यावं लागत नाही. म्हणजे घराचे पाच लाख मुलासुनेसाठी शाबूत राहतात. यालाच लोक 'दहा लाख' म्हणतात. आजोबांना एकट्याला दहा, असा त्याचा अर्थ काढू नका.

आजी ६९ च्या आहेत, त्यामुळे आज त्या कुटुंबाच्या पाच लाखांतच. आधारवर ७० पूर्ण झाले की त्यांचंही वय वंदना काढायचं, पण तेव्हा आजोबा-आजी मिळून पाच लाख. एका घरात सत्तरीपुढचे दोघे म्हणजे पाच-पाच नाही. हा गैरसमज सगळीकडे आहे.

कार्ड काढायला आधार पुरतं. केवायसी ओटीपीने, बोटाच्या ठशाने, डोळ्याने किंवा चेहऱ्याने होते. म्हाताऱ्या माणसांचे ठसे उमटत नाहीत आणि मोबाइल आधारला जोडलेला नसतो, तेव्हा वेळ न घालवता चेहऱ्याचा पर्याय घ्या. उजेडात बसवा, चष्मा काढा, पागोटं-टोपी उतरवा. घरी बसून आयुष्मान अ‍ॅपवरूनही होतं. यासाठी पैसे मागणारा कोणी भेटला तर तिथून उठा.

माजी सैनिक किंवा केंद्र सरकारचे निवृत्त कर्मचारी असतील तर जरा थांबा. सीजीएचएस (केंद्रीय कर्मचाऱ्यांची), ईसीएचएस (माजी सैनिकांची) किंवा निमलष्करी दलांची आयुष्मान योजना ज्यांना आहे, त्यांना दोन्हीपैकी एकच निवडावी लागते. घाईघाईत वय वंदनावर टिक करून ईसीएचएस घालवू नका. खासगी मेडिक्लेम असला किंवा ईएसआयसी (कामगारांचा राज्य विमा) असली तर मात्र अडचण नाही, दोन्ही चालतात.

आता पांढरं कार्ड. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने महात्मा फुले जन आरोग्य योजना (राज्याची, आयुष्मानबरोबर एकत्र चालणारी) राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू झाली, आणि विस्तारित योजना प्रत्यक्षात १ जुलै २०२४ पासून चालू झाली. त्यामुळे 'पांढऱ्याला चालत नाही' हे आता चूक आहे. पण काउंटरवरचा माणूस तसं का म्हणतो तेही समजून घ्या. पांढरी कार्डं वर्षानुवर्षं कोणी वापरलीच नाहीत, त्यामुळे बऱ्याच जणांची ऑनलाइन नोंद झालेली नाही. आरोग्यमित्राला (दवाखान्यातल्या योजनेच्या काउंटरवरचा माणूस) लागतो बारा आकडी ऑनलाइन नंबर. तो टाकला आणि कुटुंब दिसलंच नाही तर तो पुढे जाऊ शकत नाही. मग तो "चालत नाही" म्हणून मोकळा होतो. तहसीलच्या पुरवठा शाखेत कार्ड ऑनलाइन करून घ्या आणि त्यातली नावं तपासा. सून आणि नातवंडं त्यात नसतात, ते नेमकं भरतीच्या दिवशी कळतं.

रेशन कार्डच नसेल तर अधिवासाचा किंवा तहसीलदारांचा दाखला आणि फोटो ओळखपत्र, यावर काम होतं. कर्नाटकातल्या सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी कुटुंबांनाही ही योजना लागू आहे. बेळगाव, बिदरकडचे कोणी वाचत असतील तर नोंद घ्या.

फाइल_आणि_क्वेरी

मित्राने कार्डाचं सांगितलं, मी पॅकेजचं आणि स्टेंटचं सांगतो. योजनेत पेशंटला पाच लाख रुपये मिळत नाहीत. पाच लाख ही वरची हद्द आहे. मिळतं ते एक पॅकेज, त्याला कोड असतो, दर ठरलेला असतो, आणि तो कोड ज्या रुग्णालयाला ज्या विभागासाठी मंजूर असेल तिथेच चालतो.

म्हणून "आमच्याकडे पॅकेज नाही" याचे तीन वेगवेगळे अर्थ असू शकतात. रुग्णालय योजनेत आहे, पण हृदयविकार विभागासाठी नाही. फक्त हाडांसाठी किंवा मूत्रपिंडासाठी अंगीकृत (योजनेने मान्य केलेलं) आहे. किंवा उपचार यादीत आहे, पण तो सरकारी रुग्णालयांसाठी राखीव ठेवलेला आहे. किंवा उपचार नव्या यादीत आलाय, पण संगणकात अजून कोड चढलेला नाही. २०२३ च्या निर्णयाने यादी ९९६ वरून १,३५६ झाली, मग सप्टेंबर २०२५ मध्ये २,३९९ ची मंजुरी झाली. जाहीर होणं आणि स्क्रीनवर कोड दिसणं यात अंतर पडतं. 'आज पॅकेज नाही' म्हणजे तिन्हीपैकी काय, ते विचारा. पहिलं असेल तर दुसरं रुग्णालय शोधा. दुसरं असेल तर जिल्हा रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालय. तिसरं असेल आणि उपचार थांबू शकत असेल तर आठवड्याने पुन्हा विचारा. तातडीचं असेल तर लगेच योजनेच्या जिल्हा समन्वयकाला फोन.

फोन करताना "हार्टचं ऑपरेशन" असं सांगू नका. १५५३८८ किंवा १८००-२३३-२२०० वर विचारा: अमुक रुग्णालय हृदयविकार विभागासाठी अंगीकृत आहे का, आणि अँजिओप्लास्टीचं (स्टेंट बसवण्याचं) पॅकेज खासगीत चालतं का. दोन वाक्यांत उत्तर मिळतं.

आता स्टेंट. वरचे पैसे घेता येत नाहीत. योजना कॅशलेस आहे, पॅकेज मंजूर झालं की बेड, डॉक्टर, भूल, औषधं, इम्प्लांट, जेवण सगळं त्यात. 'चांगला स्टेंट' हा शब्दच फसवा आहे. स्टेंटच्या किमतींवर राष्ट्रीय औषध दर नियामकाने फेब्रुवारी २०१७ पासून कमाल मर्यादा लावलेली आहे, आणि त्यात औषध लावलेले स्टेंट हा सबंध एकच गट आहे. एक साधा, एक भारी, एक परदेशी अशा पायऱ्या त्या मर्यादेत नाहीत. तुमच्या आजोबांना योजनेत बसवला जाणारा स्टेंट औषध लावलेलाच आहे ना, एवढं डॉक्टरांना विचारा. 'हो' आलं की चाळीस हजारांचा विषय संपला.

प्री-ऑथ, म्हणजे उपचाराआधीची मंजुरी, कशी जाते ते बघा, म्हणजे कुठे उशीर होतो ते कळेल. आरोग्यमित्र कार्ड तपासून नोंद करतो, आधारने ओळख पटवतो. रुग्णालयाचा मेडको (योजनेच्या फाइली बघणारा डॉक्टर) पॅकेजचा कोड निवडून ईसीजी, इको, अँजिओग्राफीचा रिपोर्ट आणि चित्रफीत चढवतो. पुढे टीपीएचा (क्लेम तपासणाऱ्या कंपनीचा) डॉक्टर बघतो. राष्ट्रीय (म्हणजे आयुष्मानच्या) नियमावलीत यासाठी सहा तासांची मुदत धरलेली आहे. प्रत्यक्षात वेळ जातो तो 'क्वेरी'त, म्हणजे कागदांवर शंका काढून फाइल परत येते त्यात. रिपोर्टवर तारीख नाही. अँजिओत ब्लॉकेज किती टक्के ते लिहिलेलं नाही. आधारवर 'रामचंद्र' आणि रिपोर्टवर 'रामभाऊ'. क्वेरी आली की चेंडू रुग्णालयाच्या कोर्टात, मुदतीचं घड्याळ पुन्हा मागे. नातेवाइकांना मात्र सांगितलं जातं, "सरकारकडून मंजुरी आली नाही." तेव्हा विचारा: नामंजूर झालीय, प्रलंबित आहे, की क्वेरी आलीय? तिन्ही अवस्था स्क्रीनवर वेगवेगळ्या दिसतात. क्वेरी असेल तर ती वाचून दाखवायला सांगा. बहुतेक वेळा तासाभरात सुटण्यासारखी असते.

भरतीआधीच्या तपासण्यांचे पैसे हा आणखी एक सापळा. राष्ट्रीय पॅकेजमध्ये त्याच रुग्णालयात भरतीआधीच्या ३ दिवसांतल्या तपासण्या आणि डिस्चार्जनंतरच्या १५ दिवसांची औषधं धरलेली असतात. राज्याच्या योजनेत पाठपुरावा डिस्चार्जनंतर १० दिवस. त्यामुळे डिस्चार्जच्या दिवशी गोळ्यांची चिठ्ठी हातात देऊन "बाहेरून घ्या" म्हणाले तर तिथेच थांबा आणि आरोग्यमित्राला गाठा. घरी आल्यावर भांडण्यात अर्थ नाही.

चाळीस_खाटा

रुग्णालयाच्या बाजूनेही कोणी लिहायला हवं, म्हणून लिहितो. वरचे पैसे मागणं बेकायदा आहे, त्याचं समर्थन करत नाही. पण "पैसे येत नाहीत" हे नेहमीच निमित्त नसतं.

आधी पैसा येतो कुठून ते. विस्तारित योजना सुरू झाली तेव्हाची रचना अशी: कुटुंबाच्या दीड लाखापर्यंतच्या खर्चाला युनायटेड इंडिया इन्शुरन्सचा विमा, त्याचा हप्ता सरकार भरतं, कुटुंबामागे वर्षाला १,३०० रुपये. दीड ते पाच लाखांचा भाग मात्र विम्यात नाही, तो राज्य आरोग्य हमी सोसायटी थेट देते. म्हणजे एका कुटुंबाचे दोन खिसे. लहान क्लेम पहिल्या खिशातून जातात. मोठी शस्त्रक्रिया, कर्करोग, लांबलेला आयसीयू दुसऱ्यात शिरतात, आणि तिथे सरकारी निधी कधी वितरित होतो यावर सगळं अवलंबून. आर्थिक वर्षाच्या शेवटी-सुरुवातीला हा खिसा रिकामा राहिला की मोठे क्लेम अडकतात. म्हणूनच तुम्हाला दिसेल की तेच रुग्णालय मुतखड्याला हो म्हणतं आणि महिनाभर व्हेंटिलेटर लागेल अशा पेशंटला "बेड नाही" म्हणतं.

राष्ट्रीय नियमात क्लेम सादर झाल्यापासून १५ दिवसांत पैसे, परराज्यातल्या पेशंटचे ३० दिवसांत. विमा कंपनीने उशीर केला तर करारात दंडव्याजाची तरतूद असते. सोसायटी स्वतः पैसे देते तेव्हा असं व्याज मागणार कोणाकडे? हा प्रश्न फक्त महाराष्ट्राचा नाही. हरियाणात ७ ऑगस्ट २०२५ पासून सुमारे ६५० खासगी रुग्णालयांनी थकबाकीपायी आयुष्मानचे उपचार थांबवले होते.

दर हा दुसरा मुद्दा. आयुष्मानच्या दरांच्या ऑक्टोबर २०२१ च्या राष्ट्रीय सुधारणेत व्हेंटिलेटरसह आयसीयूचा दिवसाचा दर ४,५०० वरून ९,००० झाला, व्हेंटिलेटरशिवाय ३,६०० वरून ८,५००, एचडीयू (आयसीयू आणि वॉर्ड यांच्या मधला विभाग) २,७०० वरून ३,३००, साधा वॉर्ड १,८०० वरून २,१००. आयसीयूचा दर बरा झाला, वॉर्डचा जवळपास तिथेच राहिला. २,१०० मध्ये बेड, नर्स, औषध, तपासणी आणि दोन वेळचं जेवण. तापाचा साधा पेशंट खासगीत योजनेखाली घ्यायला कोणी उत्सुक का नसतं, ते यातून कळेल.

एकाच वेळी दोन-तीन शस्त्रक्रिया केल्या तर सर्वांत महागडीचे १०० टक्के, दुसरीचे ५०, तिसरीचे २५ टक्के. अपघातात मांडी, पाय आणि मनगट अशी तीन हाडं मोडलेला पेशंट आला की हिशेब असा बसतो. प्लेट-स्क्रूचा खर्च मात्र तिन्हींचा पूर्णच लागतो. 'मनगटाचं नंतर बघू' असं ऐकू येतं ते यामुळेही.

उलट दिशेने वाढही मिळते. राष्ट्रीय नियमात एनएबीएचची (रुग्णालयांचा दर्जा तपासणारी संस्था) प्राथमिक मान्यता असेल तर दरावर १० टक्के, पूर्ण मान्यता असेल तर १५. आकांक्षित (केंद्राने मागास म्हणून निवडलेल्या) जिल्ह्यांत १० टक्के, म्हणजे आपल्याकडे गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि धाराशिव. मान्यता असलेल्या आणि नसलेल्या रुग्णालयाच्या वागण्यात फरक दिसतो, त्यातला काही यातून येतो.

फाइल_आणि_क्वेरी

@चाळीस_खाटा डॉक्टर, बाकी सगळं बरोबर. पण थकबाकी सांगताना रुग्णालयं एक आकडा लपवतात, तो म्हणजे स्वतःच्या चुकीने कापला गेलेला क्लेम. 'सरकारने पैसे दिले नाहीत' यात तोही मिसळून टाकतात.

अँजिओप्लास्टीचाच क्लेम घ्या. स्टेंटच्या खोक्यावर स्टिकर असतं, त्यावर बॅच नंबर आणि बारकोड. ते सोलून केसपेपरवर चिकटवायचं आणि स्कॅन करायचं. थिएटरमध्ये खोकं कचऱ्यात गेलं की स्टिकर गेलं, आणि इम्प्लांटची रक्कम कापली गेली. शस्त्रक्रियेनंतरच्या अँजिओची चित्रं नाहीत, कापलं. ऑपरेशन नोटवर सुरुवात-शेवटची वेळ नाही, क्वेरी. डिस्चार्ज कार्डावर १२ तारीख आणि नर्सिंग चार्ट १३ तारखेपर्यंत भरलेला, सरळ संशयाच्या यादीत. आयसीयूचे पाच दिवस मंजूर आणि पेशंट आठ दिवस राहिला, पण वाढीव दिवसांची मंजुरी वेळेत मागितलीच नाही, तर तीन दिवस बुडाले. डिस्चार्जच्या वेळी आधार पडताळणी राहिली, कारण पेशंट सकाळी सातला निघून गेला आणि आरोग्यमित्र नऊला येतो. यातला एकही पैसा सरकारने थकवलेला नाही.

पेशंटसाठी यात दोन कामाच्या गोष्टी. स्टेंटच्या स्टिकरची एक प्रत तुमच्या डिस्चार्ज फाइलमध्ये मागून घ्या, पुढे कुठलाही हृदयरोगतज्ज्ञ ती आधी विचारतो. आणि डिस्चार्जच्या दिवशी आधार पडताळणी झाल्याशिवाय निघू नका. ती राहिली की आठवड्याने रुग्णालयाचा फोन येतो, "या, नाहीतर बिल भरा." भरायचं नसतं, पण लोक घाबरून भरतात.

पुरवणी_प्रश्न

मधेच विचारतो. यकृत प्रत्यारोपणाला २२ लाख मिळणार असं ऐकलं. पाच लाखांची मर्यादा असताना ते कसं? आणि डायलिसिस चालू असलेल्याचे पाच लाख किती दिवस पुरतात?

फाइल_आणि_क्वेरी

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्याने नऊ महागड्या उपचारांसाठी वेगळा राखीव निधी मंजूर केला. यकृत प्रत्यारोपण २२ लाख, फुफ्फुस २०, हृदय आणि फुफ्फुस एकत्र २०, हृदय १५, अस्थिमज्जा प्रत्यारोपण प्रकारानुसार ९.५ ते १७, छाती न उघडता हृदयाची झडप बदलण्याच्या प्रक्रिया १० लाख. हा पैसा कुटुंबाच्या पाच लाखांतून जात नाही, निधीतून येतो. निधीसाठी सरकारी रुग्णालयांना मिळणाऱ्या क्लेमच्या रकमेतला हिस्सा बाजूला काढायचा, अशी योजना आहे. म्हणजे सरकारी रुग्णालयात जितकं काम योजनेखाली नोंदलं जाईल तितका निधी भरेल.

इथे प्री-ऑथच्या आधीचा रस्ताच लांब आहे. अवयवदात्याची कायदेशीर परवानगी, प्रत्यारोपणाची नोंदणी असलेलं केंद्र, प्रतीक्षायादी. पैसे मंजूर झाले म्हणून यकृत मिळत नाही. मूत्रपिंड या नवात नाही, त्याची मर्यादा २०२३ च्या निर्णयातच अडीच लाखांवरून साडेचार लाख केली होती.

डायलिसिसचा हिशेब सोपा आहे. एका वेळेचे १,५०० धरा आणि आठवड्यातून दोनदा. वर्षाला १०४ वेळा, म्हणजे १,५६,०००. आठवड्यातून तीनदा असेल तर १५६ वेळा, २,३४,०००. पाच लाखांत बसतं. गोची होते ती त्याच घरात दुसरं कोणी आजारी पडल्यावर. म्हणून डायलिसिसवरचा माणूस सत्तरीपुढचा असेल तर त्याचं वय वंदना कार्ड आजच काढा, घराचा पैसा मोकळा होतो. शिल्लक किती आहे ते आरोग्यमित्राला स्क्रीनवर दिसतं, दर दोन-तीन महिन्यांनी विचारत जा.

मित्र_काउंटर_क्र_२

पैसे मागितले तर काय करायचं, हा मूळ प्रश्न राहिला. तक्रार करायची असेल तर ती डिस्चार्जच्या आधी करा. पेशंट घरी गेला की रुग्णालयाला घाई नसते.

पहिला फोन १५५३८८. आयुष्मान कार्ड असेल तर १४५५५ सुद्धा. फोनवर तक्रार क्रमांक मागून लिहून घ्या, क्रमांक नसलेली तक्रार म्हणजे नुसती चौकशी. मग जिल्हा समन्वयक. त्याचं नाव आणि नंबर रुग्णालयातल्या योजनेच्या फलकावर लिहिलेला असायला हवा, नसेल तर तीही वेगळी तक्रार. केंद्राच्या तक्रार पोर्टलवरही नोंद करता येते. पुढचं प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे जातं.

पुरावा कसला? पावती मिळणार नाही, हे धरून चाला. रोख बहुधा बिलिंग काउंटरवर मागतच नाहीत, "खालच्या मेडिकलमध्ये भरा" असं सांगतात. मेडिकलच्या यूपीआयचा स्क्रीनशॉट, त्यावरचं नाव, तारीख आणि वेळ, हे ठेवा. रोखच द्यावे लागले तर कोणी मागितले, किती वाजता, कोण बरोबर होतं, हे त्याच दिवशी कागदावर लिहा. राष्ट्रीय नियमांत पहिल्यांदा सापडलेल्या रुग्णालयाने घेतलेली रक्कम परत करायची आणि वर पेशंटला त्या रकमेच्या तिपटीपर्यंत भरपाई द्यायची, अशी तरतूद आहे. वारंवार सापडलं तर रुग्णालय योजनेतून बाहेर.

एका कागदापासून सांभाळा. भरतीच्या गठ्ठ्यात एक छापील फॉर्म असतो: "मला योजनेची माहिती देण्यात आली असून मी स्वखुशीने लाभ नाकारत आहे." इंग्रजीत असला तर आणखी धोक्याचा. त्यावर सही झाली की पुढची तक्रार लंगडी पडते. गठ्ठ्यातला प्रत्येक कागद वाचायला वेळ नसतो हे मान्य, पण 'नाकारत', 'स्वखर्चाने', 'डिक्लाइन' हे शब्द शोधायला अर्धा मिनिट लागतो.

आणि दवाखाना थकबाकीचं कारण देत असेल तर डॉक्टरांशी वाद घालू नका. अंगीकृत रुग्णालयाला योजनेचा पेशंट नाकारता येत नाही, पण बेड नाही म्हणता येतं, आणि ते खोटं आहे हे तुम्ही रात्री दोनला सिद्ध करू शकत नाही. हेल्पलाइनवर रुग्णालयाचं नाव आणि 'भरती नाकारली' एवढं नोंदवा, आणि त्याच फोनवर दुसरं अंगीकृत रुग्णालय विचारून तिकडे निघा. तातडीच्या वेळी कार्ड हातात नसलं तरी फोनवरून तात्पुरती मंजुरी घेण्याची सोय आहे. कागद नंतर, पण डिस्चार्जच्या आधी.

वाळपईकर

गोव्याकडून एक. सिंधुदुर्गातले लोक इथे बांबोळीच्या सरकारी दवाखान्यात येतात आणि दीनदयाळ स्वास्थ्य सेवा मागतात, म्हणून लिहितो. दीनदयाळ ही गोव्याची वेगळी योजना आहे, २०१६ ची. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर चार लाख, आणि गोव्यात किमान पाच वर्षांचं वास्तव्य लागतं. महाराष्ट्राच्या रेशन कार्डावर ती मिळत नाही. आयुष्मान कार्ड मात्र राज्याबाहेर अंगीकृत रुग्णालयात चालतं. निघण्याआधी १४५५५ वर विचारा की इथलं कुठलं रुग्णालय त्या विभागासाठी आहे. फक्त महात्मा फुले योजनेतलं कुटुंब असेल आणि आयुष्मानच्या यादीत नसेल, तर सीमेपलीकडे येऊन उपयोग नाही.

चाळीस_खाटा

वाळपईकरांनी महत्त्वाचं सांगितलं. उलट दिशेचंही सांगतो: महाराष्ट्रात रस्ते अपघातात जखमी झालेल्याला, मग तो कुठल्याही राज्याचा असो, योजनेखाली मदत आहे. २०२३ च्या निर्णयाने अपघात योजना यातच मिसळली, उपचार ७४ वरून १८४ झाले आणि मर्यादा ३० हजारांवरून अपघातामागे एक लाख. गोव्याची गाडी कणकवलीजवळ उलटली तर रेशन कार्ड शोधत बसू नका.

तालुका_चावडी

सगळ्यांचे आभार. उद्या आजोबांचं वय वंदना काढतो आणि हेल्पलाइनला विभागाचं विचारतो. एक राहिलं: आधारवर आजोबांचं नाव 'दगडू', आणि अँजिओच्या रिपोर्टवर 'दगडोबा' आहे. रिपोर्ट बदलून घ्यायचा की आधार?

फाइल_आणि_क्वेरी

आधारला हात लावू नका, त्यात दिवस जातील. रिपोर्ट ज्या सेंटरने दिला तिथे आधारची झेरॉक्स घेऊन जा आणि नाव दुरुस्त करून नवीन प्रिंट घ्या, जुनी तारीख तशीच ठेवून, सही-शिक्क्यासह. चित्रफितीच्या सीडीवरही जुनंच नाव असेल, तीही नवीन मागा. ते टाळाटाळ करत असतील तर रुग्णालयाच्या लेटरहेडवर 'दोन्ही नावं एकाच रुग्णाची' असं डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि प्री-ऑथबरोबर पहिल्याच फेरीत चढवायला सांगा.